ड्रॅग करून अदलाबदल: गूळ कांद्यांवर बसतो, कांदे हलत नाहीत (युनिटी)

बाजारबुणगा:

नमस्कार मंडळी. फावल्या वेळात युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक गेम करतोय, आठवडी बाजाराचा. खेळाडू म्हणजे पाल टाकून बसणारा व्यापारी. पहाटे माल उचलायचा, दिवसभर विकायचा, संध्याकाळी उरलंसुरलं बांधून पुढच्या गावाची वाट धरायची. त्याच्या पिशवीत २० कप्पे आहेत, पाच-पाचाच्या चार ओळी. सगळ्यात खालची ओळ ओल्या गोणपाटाची, तिथे पालेभाजी सुकत नाही. शिवाय बाजूला दोन वेगळे कप्पे, एक तराजूचा आणि एक गल्ल्याचा.

रिकाम्या कप्प्यात वस्तू ओढून सोडली की मुकाट बसते. भरलेल्या कप्प्यावर सोडली की गोंधळ. कांद्यांवर गूळ सोडला तर गूळ तिथे बसतो, पण कांदे जागचे हलायचं नाव घेत नाहीत. एकाच कप्प्यात दोघं, ढेपेमागून कांदे डोकावतायत, आणि गुळाचा जुना कप्पा रिकामा.

कांद्यांवर कांदे सोडले तर बेरीज होते (एका कप्प्यात ४० मावतात), पण गेम बंद करून पुन्हा उघडला की ओढलेला ढीग जुन्या जागी पुन्हा हजर. हे भाच्याच्या आधी लक्षात आलं. त्याने मला न सांगता कांद्यांची साठेबाजी करून ठेवली होती.

आणि गोणपाटाच्या ओळीत काहीच टिकत नाही. मेथीची जुडी सोडली की उडी मारून परत आपल्या जागी. कन्सोलमध्ये नलरेफरन्सची (नसलेली वस्तू वापरायला गेल्याची) लाल ओळ.

कोड लॅपटॉपवर आहे आणि मी एस्टीत, त्यामुळे फोनवरून जसं आठवतंय तसं लिहितो. वस्तूच्या स्क्रिप्टमध्ये ऑनबिगिनड्रॅगला (ओढायला सुरुवात झाली की) सध्याचा पेरेंट, म्हणजे वस्तू ज्या कप्प्याची चाइल्ड आहे तो, "घर" या व्हेरिएबलमध्ये ठेवतो, वस्तूला कॅनव्हासच्या (पडद्यावरचं सगळं ज्याच्या पोटात असतं त्याच्या) मुळाशी नेतो आणि कॅनव्हासग्रुपचं ब्लॉक्सरेकास्ट बंद करतो, म्हणजे माउस वस्तूवर न अडता खालच्या कप्प्याला लागतो. ऑनएंडड्रॅगला ते चालू करतो, वस्तूला "घर"मध्ये परत बसवतो आणि सेव्ह करतो. सेव्ह म्हणजे प्रत्येक कप्प्याचे चाइल्ड वाचून फाइलमध्ये लिहिणं. कप्प्याचं ऑनड्रॉप (वर काही सोडलं की चालणारं) असं, त्यात ट्रान्सफॉर्म म्हणजे तो कप्पा स्वतः:

ओढलेली = इव्हेंटडेटा.पॉइंटरड्रॅग वरची वस्तू
चाइल्डकाउंट ० असेल तर: ओढलेली.घर = ट्रान्सफॉर्म, आणि बाहेर
जुनी = गेटचाइल्ड(०) वरची वस्तू
प्रकार एकच असेल तर: जुनी.नग = मिन(४०, जुनी.नग + ओढलेली.नग), मग डिस्ट्रॉय(ओढलेली)
नाहीतर: ओढलेली.घर = ट्रान्सफॉर्म
जुनी.सेटपेरेंट(ओढलेली.घर)

गल्ल्याच्या कप्प्यात याच्या आधी एक ओळ जास्त आहे: प्रकार पैसे नसेल तर बाहेर.

कुठे अडतंय?

रात्रपाळी:

शेवटच्या दोन ओळी उलट करा. आधी ओढलेलीचं घर बदलताय आणि मग जुनीला त्याच बदललेल्या घरी पाठवताय. म्हणजे कांद्यांना सांगताय, "जिथे आहात तिथेच जा." आधी जुनीला ओढलेलीच्या घरी पाठवा, मग ओढलेलीचं घर बदला.

गोणपाटाचं चित्र कप्प्याचा चाइल्ड म्हणून ठेवलंय का? असेल तर गेटचाइल्ड(०) ला गोणपाट मिळतं, वस्तू नाही. लाल ओळ त्याचीच.

बाजारबुणगा:

हो, गोणपाट चाइल्डच आहे! कप्प्याच्या प्रीफॅबवर (साच्यावर) नंतर चिकटवलेलं. ते आता कप्प्याच्या स्वतःच्या इमेजमध्ये टाकलं, मेथी बसायला लागली. ओळी उलट केल्या, अदलाबदलही झाली. रात्रपाळी, तुम्हाला माझ्याकडून चहा लागू.

पण आता नवीनच. गल्ल्यातल्या नोटा ओढून पिशवीतल्या कांद्यांवर सोडल्या. नोटा पिशवीत, कांदे गल्ल्यात. गल्ला बाकी कुठल्याही वस्तूला दारात उभं करत नाही, मग कांदे कसे शिरले? आणि कांदे डबल होण्याचं काही सुटलेलं नाही.

खटपट्या:

दिवसभर मी औषधांच्या घाऊक विक्रेत्यांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहितो, गेम रात्री. त्यामुळे माल आपोआप वाढला की माझ्या पोटात गोळा येतो, मग ते कांदे का असेनात. जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आधी डबल कांद्यांचं. युनिटीत माउसचं बटण सोडलं की आधी खालच्या कप्प्याचं ऑनड्रॉप चालतं आणि लगेच, त्याच फ्रेममध्ये, ओढलेल्या वस्तूचं ऑनएंडड्रॅग. क्रम ठरलेला आहे. आता तुमचं डिस्ट्रॉय बघा. ते वस्तू तिथल्या तिथे नष्ट करत नाही, फ्रेमच्या शेवटी करते. तोवर वस्तू जिवंत असते, तिचे नग तसेच असतात, चाइल्डकाउंटमध्येही ती मोजली जाते. म्हणजे ऑनड्रॉपने बेरीज केली आणि डिस्ट्रॉयची चिठ्ठी लावली. मग ऑनएंडड्रॅग आलं, त्याने त्या वस्तूला जुन्या घरी बसवलं आणि तुम्ही सेव्ह केलंत. फाइलमध्ये दोन्ही ढीग गेले. त्यानंतर फ्रेम संपली आणि पडद्यावरचा ढीग नाहीसा झाला. म्हणून खेळताना सगळं बरोबर दिसतं आणि गेम उघडल्यावर कांदे पुन्हा हजर. विश्वास नसेल तर दोन्ही फंक्शन्समध्ये डीबग.लॉग टाका आणि त्यात टाइम.फ्रेमकाउंट छापा, दोन्हीकडे एकच आकडा येईल. डीबग.लॉगला दुसरा पॅरामीटर म्हणून गेमऑब्जेक्ट द्या, म्हणजे कन्सोलमधल्या ओळीवर क्लिक केलं की हायरार्कीत (ऑब्जेक्टच्या यादीत) नेमका तो कप्पा उजळतो. वीस सारख्या कप्प्यांमध्ये हे फार कामाचं.

याच ओळीत दुसरी गळती आहे, ती अजून तुमच्या भाच्याला सापडलेली नाही. ३० कांद्यांवर २५ सोडा. मिन(४०, ५५) म्हणजे ४०, आणि ओढलेली वस्तू नष्ट. १५ कांदे गेले कुठे? तुमच्या बाजारात कांदे एकीकडे फुकट मिळतात आणि दुसरीकडे हवेत विरतात. सेव्हमधली वाढ आणि ही घट एकमेकांना झाकत असतील, म्हणून एकूण आकडा बघून कधी शंका आली नसेल.

गल्ल्याचं अगदी सरळ आहे. अदलाबदलीत दोन वस्तू हलतात, तुम्ही एकीलाच विचारताय. नोटा पिशवीत चालतात का, हे पिशवीच्या कप्प्याने तपासलं. कांदे गल्ल्यात चालतात का, हे कोणी विचारलंच नाही, कारण गल्ल्याचं ऑनड्रॉप चाललंच नाही. जुनीला सेटपेरेंटने मागच्या दाराने आत ढकललं.

हे तिन्ही एकेक ठिगळ लावून बुजवता येईल. मी लावणार नाही. तुमच्या गेममध्ये "पिशवीत काय आहे" याचं उत्तर ट्रान्सफॉर्मच्या झाडात ठेवलंय, आणि ड्रॅग चालू असताना तेच झाड तुम्ही हलवताय. ओढताना वस्तू कुठल्याच कप्प्यात नसते. त्या वेळी ऑटोसेव्ह झाला, किंवा गिऱ्हाईक येऊन "गूळ आहे का" म्हणून कोडने विचारलं, तर उत्तर चुकणार. स्टॉकच्या धंद्यात गाडीत चढवलेला मालसुद्धा कुठल्यातरी खात्यावर असतो.

मी काय करतो ते सांगतो. २२ खणांचा एक साधा अ‍ॅरे ठेवतो, २० पिशवीचे, २१वा तराजू, २२वा गल्ला. खणात दोनच गोष्टी: प्रकार आणि नग. नाव, चित्र, ढिगाची मर्यादा ही माहिती स्क्रिप्टेबलऑब्जेक्टमध्ये (प्रोजेक्टमधल्या माहितीच्या अ‍ॅसेटमध्ये) असू द्या, पण नग तिथे ठेवू नका. तो अ‍ॅसेट एकच असतो आणि सगळे ढीग त्याच्याकडे बोट दाखवतात, एकात बदल केला की सगळ्यांत होतो. वर एडिटरमध्ये प्ले बंद केल्यावरही तो बदल तसाच राहतो. खण स्ट्रक्ट केलात तर अ‍ॅरेच घ्या, लिस्ट नको. लिस्टमधून काढून व्हेरिएबलमध्ये घेतलेला स्ट्रक्ट ही नक्कल असते. नकलेत नग बदलले तर मूळ खण तसाच, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.

मग एकच फंक्शन, हलवा(कुठून, कुठे), दोन आकडे घेणारं. पडद्यावरचे आयकॉन कधीच पेरेंट बदलत नाहीत. ड्रॅग सुरू झालं की मूळ आयकॉन फिका करायचा आणि कॅनव्हासवर सगळ्यात वर असलेली एक वेगळी इमेज, तिला मी भूत म्हणतो, माउसमागे फिरवायची. भुताचा रेकास्ट टार्गेट कायमचा बंद. ऑनड्रॉप फक्त हलवा() ला हाक मारतं, ऑनएंडड्रॅग फक्त भूत लपवतं आणि फिका केलेला आयकॉन पूर्ववत करतं. आता दोघांपैकी कोण आधी चालतं याने काही फरक पडत नाही, आणि डिस्ट्रॉयची गरजच उरत नाही. सेव्ह अ‍ॅरे वाचून करायचा.

हलवा() च्या आत क्रम महत्त्वाचा आहे. कुठून आणि कुठे एकच असेल तर काही न करता बाहेर. ही ओळ विसरलात तर "तिथले वाढव, इथले पुसून टाक" अशा बेरजेत जागच्या जागी सोडलेला ढीग स्वतःलाच पुसून टाकतो. मग प्रकार एकच असेल तर जागा = ४० वजा तिथले नग, हलणारे = जागा आणि ओढलेले यांतले कमी, तिकडे तेवढे वाढवा, इकडे तेवढेच कमी करा. ३० आणि २५ चे ४० आणि १५ होतील, १५ जुन्या कप्प्यात राहतील. प्रकार वेगळा असेल तर दोन्ही बाजूंनी विचारा: हा तिकडे चालतो का, तो इकडे चालतो का. एकाही बाजूने नाही आलं तर कशालाही हात न लावता बाहेर. दोन्हीकडून हो आलं तरच तात्पुरत्या व्हेरिएबलमधून अदलाबदल. रिकाम्या खणाला सगळीकडे "हो" मिळालं पाहिजे, नाहीतर गल्ल्यातून नोटा काढताच येणार नाहीत.

शेवटी माझी धंद्याची सवय. हलवा() सुरू होताना प्रत्येक प्रकाराची सगळ्या खणांतली बेरीज घ्या, संपताना पुन्हा घ्या, आणि दोन्ही सारख्या आहेत असं डीबग.असर्ट (अट खोटी ठरली की कन्सोलमध्ये ओरडणारी तपासणी) लावा. हलवण्याने माल वाढतही नाही आणि घटतही नाही. हा असर्ट असता तर १५ कांदे पहिल्याच वेळी पकडले गेले असते.

मधली सुट्टी:

खटपट्या, तुमचं सगळं पटलं, पण घरच्या गेमसाठी एवढं उचकटायची गरज आहे का? बाजारबुणगांचं ९० टक्के चाललंय. डिस्ट्रॉयच्या आधी ओढलेलीचे नग ० करा आणि सेव्ह करताना ० नगवाले वगळा, डबलचं संपलं. उरलेले नग तिच्यातच ठेवून तिला घरी जाऊ द्या, गळती संपली. गल्ल्यासाठी "चालतं का" हे वेगळं फंक्शन करून दोन्ही कप्प्यांना विचारा. अर्ध्या तासाचं काम.

दुसरं असं की ओढून सोडण्याचाच हट्ट कशाला? माइनक्राफ्टमध्ये क्लिक केलं की ढीग हातात येतो आणि वेगळ्या वस्तूवर क्लिक केलं की हातातली खाली, खालची हातात. त्या पद्धतीत कांदे गल्ल्यात जातच नाहीत, ते येतात खेळाडूच्या हातात, आणि कुठे ठेवायचे ते त्याचं तो बघेल. तिथेही साधारण ढीग ६४चा पण अंड्यांचा १६चा, म्हणजे प्रकारागणिक मर्यादा हवीच. तुमच्याकडे मात्र मिन(४०) कोडमध्येच लिहिलंय. गुळाच्या ४० ढेपी पिशवीत घेऊन कोण हिंडतं?

मी गोडोवाली (युनिटीसारखंच दुसरं गेम इंजिन) आहे. तिथे कंट्रोलला कॅन-ड्रॉप-डेटा असं वेगळं फंक्शनच असतं, सोडायच्या आधी विचारतं. नाही म्हटलं तर कर्सर बदलून मनाईचा होतो आणि ड्रॉप-डेटा चालतच नाही. त्यामुळे "आधी विचारा, मग हलवा" ही सवय आपोआप लागते. दोन्ही बाजूंनी विचारायचं ते मात्र तिथेही आपणच लिहायचं.

खटपट्या:

हातात घेण्याची पद्धत मलाही आवडते. पण मग हात हा २३वा खण झाला, आणि पिशवी बंद केल्यावर हातातल्याचं काय हे ठरवावं लागतं. ठिगळांबद्दल: ० नगवाले वगळणं चालेल, पण उद्या बाजारबुणगा "अर्धा ढीग उजव्या क्लिकने" आणतील, परवा दुसऱ्या व्यापाऱ्याशी देवाणघेवाण. तेव्हा प्रत्येक ठिगळ पुन्हा उसवायला लागेल.

बाजारबुणगा:

दोघांचंही ऐकलं आणि अ‍ॅरेवाला मार्ग धरला, कारण देवाणघेवाण खरंच करायची आहे. कप्प्याची स्क्रिप्ट निम्म्याहून लहान झाली. गुळाची मर्यादा आता ४ ढेपी.

असर्टने पहिल्याच संध्याकाळी आरडाओरडा केला, पण भलत्याच ठिकाणी. तराजूच्या कप्प्यात वस्तू ठेवली की वजन दाखवण्यासाठी मी एक नग "चाखायला" कापत होतो, आणि ते हलवा() च्या आतूनच. ते बाहेर काढलं. बेरजा जुळतायत. गल्ल्यात कांदे जात नाहीत, नोटा जागच्या जागी परत येतात. त्या परत येताना बारीकसा "टक" आवाज टाकलाय, नाहीतर गेम अडकला असं वाटतं.

दोन गोष्टी राहिल्या. ड्रॅग चालू असताना टॅब दाबून पिशवी बंद केली की भूत पडद्यावर तसंच लटकतं. पुन्हा उघडली तरी गूळ फिकाच. आणि फोनवर बिल्ड टाकला तर भाव बघायला वस्तूवर नुसतं बोट टेकवलं तरी ड्रॅग सुरू होतं, भाव काही दिसत नाही. एडिटरमध्ये असं होत नाही.

खटपट्या:

पहिलं: पिशवीचं पॅनल सेटअ‍ॅक्टिव्ह(फॉल्स) झालं की त्यातला कप्पाही निष्क्रिय होतो, आणि निष्क्रिय गेमऑब्जेक्टला इव्हेंट पोचत नाहीत. म्हणून बोट उचललं तरी ऑनएंडड्रॅग येत नाही. भूत लपवण्याचं काम एका वेगळ्या फंक्शनमध्ये काढा, ड्रॅगरद्द() म्हणा. ते ऑनएंडड्रॅगमधूनही बोलवा आणि कप्प्याच्या ऑनडिसेबलमधूनही (कप्पा निष्क्रिय होताना चालतं ते), पण ऑनडिसेबलमध्ये आधी बघा की चालू ड्रॅग याच कप्प्याचा आहे का. ते दोनदा चाललं तरी बिघडणार नाही असं लिहा. अ‍ॅरेला हात लागलेलाच नसतो, त्यामुळे गूळ परत ठेवायचा प्रश्न येत नाही. तुमच्या जुन्या पद्धतीत तो पॅनलबाहेर कॅनव्हासवर लटकत राहिला असता.

प्ले चालू असताना हायरार्कीत इव्हेंटसिस्टम निवडा. इन्स्पेक्टरच्या तळाशी प्रिव्ह्यूची पट्टी असते, ती वर ओढा. या क्षणी पॉइंटरखाली कोण आहे, ड्रॅग कोणाचा चालू आहे, हे तिथे सतत दिसतं. वस्तू सोडली तरी कप्प्याला कळत नाही अशा तक्रारींत निम्म्या वेळा तिथे कप्प्याऐवजी कुठलंतरी पारदर्शक पॅनल निघतं.

दुसरं: इव्हेंटसिस्टमवर ड्रॅग थ्रेशोल्ड आहे, मुळात १० पिक्सेल. माउसला ते ठीक आहे. आजच्या फोनच्या दाट पडद्यावर १० पिक्सेल म्हणजे बोट नुसतं टेकवलं तरी ओलांडलं जाणारं अंतर. ते ओलांडलं की ड्रॅग सुरू होतं. गेम सुरू होताना स्क्रीन.डीपीआयला (इंचामागे किती पिक्सेल) १६० ने भागा, १० ने गुणा आणि ते पिक्सेलड्रॅगथ्रेशोल्डला द्या, १० पेक्षा कमी मात्र होऊ देऊ नका. काही उपकरणांवर डीपीआय ० येतो, तिथे थ्रेशोल्ड शून्य झाला तर बोट टेकताच ड्रॅग. तसं आलं तर सरळ २५ वगैरे ठेवून बघा.